उजवीकडेच जाणार

[दृश्य : कृष्णधवल चित्रण. गॉथेनबर्ग, स्वीडन.]

15 जून 1958. विश्वचषकाचा सामना, ब्राझील विरुद्ध सोव्हिएत युनियन. पंचांची शिट्टी होऊन मिनिटही उलटलेलं नाही. चेंडू मैदानाच्या उजव्या कडेला येतो. तिथे उभ्या असलेल्या खेळाडूच्या पाठीवर 11 आकडा आहे. खरं तर त्याचा आकडा 7. पण त्या स्पर्धेत ब्राझीलच्या आकड्यांचा असा काही घोळ झाला होता, की एरवी 1 आकडा घालणाऱ्या गोलरक्षकाच्या, गिल्मारच्या, वाट्यालाही 3 आला होता. असो.

चेंडू पायाशी घेऊन हा माणूस थांबतो. चक्क थांबतो. समोर सोव्हिएत लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, बोरिस कुझ्नेत्सोव्ह. आपला माणूस कमरेतून डावीकडे कलतो. चेंडू जागचा हललेला नाही, कुझ्नेत्सोव्ह मात्र हलला. आणि त्याच क्षणी चेंडू आणि माणूस दोघेही उजवीकडून पसार! पुढे अरुंद कोनातून मारलेला फटका गोलच्या खांबावर थडकतो. आत उभा असलेला गोलरक्षक साधासुधा नव्हे, लेव्ह याशिन.

मिनिटभरात आणखी एक फटका गोलच्या चौकटीवर आदळतो. तो मारणारा पोरगा सतरा वर्षांचा, नाव पेले. तिसऱ्या मिनिटाला डिडीच्या पासवर वावा गोल करतो. गॅब्रिएल हानो या फ्रेंच पत्रकाराने या तीन मिनिटांना फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम तीन मिनिटं म्हटलं.

पेले आणि उजव्या कडेचा तो माणूस, दोघांचाही विश्वचषकातला हा पहिलाच सामना. पुढे आठ वर्षं हे दोघे ब्राझीलसाठी एकत्र उतरले आणि संघ हरला, असं एकदाही झालं नाही. 40 सामने. पेलेला सगळं जग ओळखतं. दुसऱ्याचं नाव गारिंचा.

[दृश्य : तेच चित्रण, संथ गतीने. कॅमेरा पायांवर.]

आता पाय बघा. डावा गुडघ्यातून बाहेर वाकलेला, उजवा आत वळलेला. म्हणजे दोन्ही पायांचा बाक एकाच दिशेला. छापखान्यातल्या माणसाने चुकून एकाच बाजूचे दोन कंस लावावेत, तसा. दोन पायांच्या लांबीतही काही सेंटीमीटरचा फरक. असा मुलगा धड चालला तरी पुष्कळ, असंच कुणालाही वाटेल.

मान्युएल फ्रान्सिस्को दोस सांतोस, जन्म 28 ऑक्टोबर 1933. गाव पाऊ ग्रांदे, रिओ दी जानेरोपासून थोडं दूर, डोंगराच्या पायथ्याशी. गाव कसलं, अमेरिका फाब्रिल कंपनीची कापडगिरणीच ती. वडील गिरणीत पहारेकरी. घरात दारूचा राबता, आणि तो याच्यापर्यंत यायला फार वेळ लागला नाही. बहिणीने नाव ठेवलं गारिंचा. तिकडचा एक चिमणीएवढा, तपकिरी रंगाचा, साधासा पक्षी. मित्र म्हणत ‘माने’. आपल्याला माने म्हटलं की आडनाव आठवतं. तिकडे ते मान्युएलचं लाडातलं रूप.

चौदाव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला. कामात मन शून्य. कापसाच्या ढिगात झोपायचा म्हणे. एकदा काढूनही टाकलं. पण गिरणीच्या फुटबॉल संघाला उजव्या कडेला हाच हवा होता, म्हणून परत घेतलं. काम न करता नोकरी टिकवणारे पुष्कळ पाहिले असतील, पण हूल देऊन टिकवणारा विरळाच.

1953 मध्ये रिओच्या बोटाफोगो क्लबात तो चाचणीला गेला. वय 19, लग्न झालेलं. चाचणीत समोर उभा राहिला निल्टन सांतोस, ब्राझीलचा त्या काळातला सर्वोत्तम लेफ्ट बॅक. गारिंचाने चेंडू त्याच्या दोन पायांमधून काढला. एखादा चिडला असता. निल्टनने क्लबच्या लोकांना सांगितलं, याला आत्ताच्या आत्ता करारबद्ध करा; रोज याच्याविरुद्ध खेळायची पाळी माझ्यावर नको. पुढे दोघे जिवाभावाचे मित्र झाले. त्याच वर्षी पहिल्या अधिकृत सामन्यात, बोनसुसेसोविरुद्ध, गारिंचाने तीन गोल केले.

[दृश्य : एकामागून एक चकवे. वेगवेगळी मैदानं, वेगवेगळे बचावपटू.]

या माणसाकडे भात्यात किती बाण होते? एक. चेंडू थांबवायचा, डावीकडे झुकायचं, उजवीकडून निघायचं. कडेच्या रेषेपर्यंत धावायचं आणि तिथून चेंडू मागे, गोलसमोर द्यायचा. सामन्याच्या आदल्या रात्री प्रत्येक प्रशिक्षक आपल्या लेफ्ट बॅकला बजावून सांगायचा, तो उजवीकडेच जाणार. लेफ्ट बॅकलाही ते पाठ. तरी दुसऱ्या दिवशी तो डावीकडे फसायचाच.

कबड्डी पाहिलेल्याला हे कोडं लवकर सुटेल. हूल ही फसवण्यापुरती नसते. हूल आहे हे कळत असूनही समोरच्याचं अंग हलतं, आणि अंगाचा भार एकदा एका पायावर गेला की तो परत आणायला क्षण लागतो. गारिंचाला तेवढा क्षण पुरे. शिवाय तो थांबलेला असायचा. धावत्या माणसाचा अंदाज बांधता येतो, थांबलेल्याचा बांधता येत नाही. आणि उभ्या जागेवरून पहिल्या तीन पावलांत तो जो वेग घ्यायचा, तो त्या वाकड्या पायांतून येईल असं कुणाला वाटायचं नाही.

समोर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. प्रत्येक बचावपटू त्याच्या लेखी ‘जुआंव’. रामा-गोविंदा म्हणावं तसं. मेक्सिकोच्या एका दौऱ्यात अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटचा वाइरो नावाचा बचावपटू त्याच्या वाट्याला आला. प्रत्येक चकव्याला गॅलरीतून ‘ओले!’ असा गजर उठायला लागला, बैलांच्या झुंजीत उठतो तसा. बोटाफोगोचे प्रशिक्षक जुआंव साल्दान्या सांगत, की एका क्षणी गारिंचा चेंडू तिथेच ठेवून नुसता धावत सुटला, आणि वाइरो त्याच्या मागे! चेंडू बिचारा मागे गवतावर.

1958 च्या विश्वचषकाआधी इटलीत फिओरेंटिनाविरुद्ध सराव सामना होता. बचावफळी चुकवली, गोलरक्षक चुकवला, गोल मोकळा. गारिंचा थांबला. एक बचावपटू धावत परत येईपर्यंत वाट पाहिली, त्यालाही हूल दिली, तो बिचारा खांबाला जाऊन अडखळला, आणि मग हा चेंडू घेऊन चालत आत गेला. ब्राझीलच्या व्यवस्थापनाच्या कपाळाला आठ्या. पहिले दोन सामने त्याला बाहेर बसवलं ते याच गोलमुळे, असं बरेच जण मानतात. संघासोबतच्या मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीतही त्याला फार कमी गुण पडले होते. त्याच तज्ज्ञाने पेलेलाही पोरकट ठरवलं होतं, हे सांगायला हवं.

29 जूनची अंतिम फेरी. चौथ्याच मिनिटाला स्वीडनचा गोल. मग उजवीकडून गारिंचा, आडवा चेंडू, वावाचा गोल. आणखी थोड्या वेळाने पुन्हा उजवीकडून गारिंचा, पुन्हा आडवा चेंडू, पुन्हा वावा. दोन्ही गोल शेजारी ठेवून बघितले तर एकाची नक्कल दुसऱ्याने केल्यासारखी वाटते. स्वीडनने पहिला गोल पाहिला होता. तरीही. ब्राझील 5, स्वीडन 2.

[दृश्य : रिओ. विजयी मिरवणूक.]

आता त्याच्या भोळेपणाच्या गोष्टी. विश्वचषक जिंकल्यावर म्हणे त्याने विचारलं, परतीचा सामना कधी? स्वीडनमध्ये घेतलेला रेडिओ संघाच्या मालिशवाल्याने त्याच्याकडून स्वस्तात लाटला म्हणे; हा तिकडे नेलास तर स्वीडिशच बोलेल, असं सांगून. ब्राझीलमध्ये या गोष्टी आजही हसत हसत सांगतात. मला त्या ऐकवत नाहीत. कारण याच भोळ्या माणसापुढे क्लबवाले कोरा करार ठेवायचे आणि तो सही करायचा. पगाराचा आकडा मागाहून भरला जायचा. जगज्जेता झाला तरी त्याच्या संघात त्याच्याहून जास्त कमावणारे होतेच. भोळ्या पक्ष्याची गोष्ट पुष्कळांच्या सोयीची होती.

[दृश्य : चिले, 1962.]

पुढचा विश्वचषक. दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी होऊन बाहेर गेला आणि ब्राझीलमध्ये सुतकी कळा पसरली. मग जे घडलं ते त्याला ओळखणाऱ्यांनाही नवं होतं. एकाच बाणाच्या या माणसाने भाताच बदलला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध कॉर्नरवर उंचपुऱ्या बचावपटूंमध्ये उडी मारून हेडरने गोल. नंतर लांबून वळणदार फटका, दुसरा गोल. उपांत्य फेरीत यजमान चिलेविरुद्ध एक डाव्या पायाने, एक डोक्याने. डाव्या पायाने! तो उजवीकडेच जाणार, हे पाठ केलेल्यांची सगळी मेहनत वाया. चिलेच्या ‘एल मर्कुरिओ’ने मथळा दिला : गारिंचा कुठल्या ग्रहावरून आलाय?

इंग्लंडच्या सामन्यात मैदानात एक कुत्रा घुसला. गारिंचालाही त्याने हूल दिली. त्याला हूल देणारा त्या स्पर्धेतला हा एकटाच. शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जने हातापायांवर रांगत त्याला उचललं आणि कुत्र्याने त्याचा शर्ट ओला केला. पुढे त्या कुत्र्याची सोडत काढली, ती लागली नेमकी गारिंचाला. तो त्याला घरी घेऊन गेला.

चिलेविरुद्ध शेवटी शेवटी, सतत पडणाऱ्या लाथांना वैतागून त्याने त्यांच्या एलादिओ रोहासला लाथ मारली आणि पंचांनी बाहेर काढलं. जाताना गॅलरीतून आलेल्या दगडाने डोकं फुटलं. तरी अंतिम सामना खेळू दिला. ज्या लाइन्समनने, म्हणजे कडेच्या पंचाने, लाथ पाहिली होती, तो सुनावणीला हजरच नव्हता. अंगात ताप घेऊन गारिंचा उतरला, चेकोस्लोव्हाकिया 3-1 ने हरलं. सलग दुसरा विश्वचषक.

[दृश्य : छायाचित्रं. एल्झा सोआरेस, माइकसमोर.]

इथून उतार, आणि तो भराभर येतो. उजव्या गुडघ्याची झीज फार पुढे गेली होती. सुई टोचून त्याला खेळवलं जायचं, कारण तो नसेल तर प्रदर्शनी सामन्यांना कोण पैसे मोजणार? बायको नाइर आणि मुलींना सोडून तो गायिका एल्झा सोआरेसकडे गेला. लोकांनी सगळा राग काढला तो एल्झावर. 1969 मध्ये त्याने चालवलेल्या गाडीला अपघात झाला, त्यात एल्झाची आई गेली. पुढच्या वर्षी लष्करी राजवटीच्या काळात त्यांच्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोघे इटलीला गेले. दोन विश्वचषक जिंकलेला माणूस तिथे ब्राझीलच्या कॉफीची जाहिरात करत उभा असायचा. दारू सुटली नाही. नशेत त्याने एल्झावर हात उगारला, आणि 1977 मध्ये ती निघून गेली. त्याच्या जादूबद्दल बोलणाऱ्यांनी हे वाक्य गाळू नये.

ब्राझीलच्या संघातला शेवट 1966 च्या विश्वचषकातच झाला होता. लिव्हरपूलमध्ये बल्गेरियाविरुद्ध पेलेचा एक, गारिंचाचा एक, दोन्ही फ्री किकवर. तो दोघांचा एकत्र शेवटचा सामना. तीन दिवसांनी हंगेरीविरुद्ध पेले नव्हता. ब्राझील 1-3 ने हरलं. गारिंचाचा हा पन्नासावा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना, आणि ब्राझीलच्या जर्सीतला एकमेव पराभव. 19 डिसेंबर 1973 ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर त्याच्यासाठी निरोपाचा सामना ठेवला तेव्हा सव्वा लाखाहून जास्त लोक आले.

[दृश्य : रिओ कार्निव्हल, 1980.]

मांगेइरा या सांबा मंडळाच्या रथावर त्याला बसवलंय. भोवती ढोल, पिसांचे मुकुट, नाचणारी हजारो माणसं. लोक त्याचं नाव घेऊन ओरडताहेत. तो बसलाय. औषधांनी जड झालेला चेहरा, नजर कुठेच नाही. थांबलेला गारिंचा इतकी वर्षं सगळ्यांनी पाहिला होता; पुढच्या क्षणी तो निघायचा. इथे कॅमेरा बराच वेळ त्याच्यावर रेंगाळतो.

20 जानेवारी 1983. रिओच्या एका दवाखान्यात तो गेला, वय 49. पार्थिव माराकानात ठेवलं, मग अग्निशमन दलाच्या गाडीवरून पाऊ ग्रांदेला. रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि पुलांवर माणसंच माणसं. गावाजवळच्या राइझ दा सेराच्या स्मशानभूमीत दफन झालं. दगडावर लिहिलंय : इथे शांत झोपला आहे तो, जो लोकांचा आनंद होता. माने गारिंचा.

एल्झा सोआरेस पुढे एकोणचाळीस वर्षं गात राहिली. ती गेली 2022 मध्ये. तारीख, 20 जानेवारी.

[दृश्य : स्मशानभूमी, दुपारचं ऊन. दगडावरची अक्षरं.]

2017 मध्ये त्याच्या अस्थींचा शोध घ्यायचं ठरलं, तेव्हा स्मशानभूमीच्या कर्मचाऱ्यांनाच त्या कुठे आहेत ते सांगता येईना. नोंदी चाळल्या. दगड जागेवर होता.