वस्तीची माणसे आणि वस्तीची मिळकत

आजच्या विषयाची सुरुवात मी शाहू मिलपासून करतो, कारण कोल्हापुरातल्या कष्टकरी वस्त्यांची मिळकत कशी बदलत गेली हे समजून घ्यायला त्या भिंतींइतका जवळचा पुरावा आपल्याकडे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये जिचा पाया घातला ती ही गिरणी २००३ मध्ये बंद पडली. गिरणीचा पगार फार मोठा कधीच नव्हता. पण तो ठरलेल्या तारखेला होत असे, आणि त्या तारखेच्या भरवशावर किराणा दुकानदार महिनाभर उधारीची वही चालवत असे, भिशीचा हप्ता जात असे, मुलीच्या लग्नासाठी सोसायटीचे कर्ज मिळत असे. गिरणी बंद झाली तेव्हा पगाराबरोबर ही तारीखही गेली. माणसे कामाला लागली नाहीत असे नाही. कोणी फौंड्रीत ठेकेदाराकडे हजेरीवर लागले, कोणी रिक्षा घेतली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी रात्रपाळीचा वॉचमन झाला. रोजची मजुरी मोजली तर काहींची कमाई वाढलेलीही दिसेल. मात्र खाडा झाला की मजुरी नाही, पावसाळ्यात गाडीवर गिऱ्हाईक नाही, आणि महिन्याच्या शेवटी हातात नेमके किती येणार हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. वस्ती खालावते ती बहुतेक वेळा अशी, आकडा फारसा न हलता.

आता लोकसंख्येकडे येऊ. कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ४ लाख ६ हजार होती, २००१ मध्ये ती सुमारे ४ लाख ९३ हजार झाली आणि २०११ मध्ये सुमारे ५ लाख ४९ हजार. म्हणजे पहिल्या दशकात वाढ साधारण २१ टक्के, तर दुसऱ्या दशकात अवघी ११ टक्के. त्याच दुसऱ्या दशकात महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या २३ टक्क्यांहून अधिक वाढली. हे आकडे वाचून कोल्हापूर थांबले असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी संध्याकाळी पाचगाव, कळंबा किंवा उचगावच्या रस्त्यावर अर्धा तास उभे राहावे. शहर वाढले, पण हद्दीबाहेर वाढले. महापालिका १९७२ मध्ये स्थापन झाली, तिचे क्षेत्र आजही सुमारे ६७ चौरस किलोमीटरच आहे, आणि हद्दवाढीचा वाद आपण सर्वांनी वर्षानुवर्षे ऐकला आहे. त्या वादात मी आज शिरणार नाही. मला त्याचा एकच परिणाम दाखवायचा आहे.

हद्दीबाहेर कोण गेले? ज्याच्या हातात थोडी बचत होती, ज्याला बँकेचे कर्ज मिळत होते आणि ज्याच्याकडे दुचाकी होती, तो गेला. कारखाने उद्यमनगरातल्या गल्ल्यांतून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींकडे सरकत गेले, तशी ही माणसेही त्या बाजूला सरकली. जुन्या वस्तीत राहिले ते आईवडील, भाड्याच्या खोलीतली कुटुंबे आणि ज्यांना रोज कागलपर्यंतचा पेट्रोलचा खर्च परवडत नाही असे तरुण. म्हणून एखाद्या वस्तीची माणसे दहा वर्षांनी तेवढीच भरली तरी ती वस्ती तीच राहिलेली नसते. साधा हिशेब करा. शंभर कुटुंबांत प्रत्येकी पाच माणसे असतील तर पाचशे होतात, आणि सव्वाशे कुटुंबांत प्रत्येकी चार असली तरी पाचशेच होतात. माणसे तेवढीच, पण चुली पंचवीस वाढल्या. त्या पंचवीस चुलींना खोली, नळ आणि विजेचा मीटर हवा असतो, आणि मिळवते हात मात्र विभागले गेलेले असतात. नुसती शिरगणती पाहून पाण्याची लाइन आखणाऱ्याला हे दिसत नाही.

मिळकतीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण आपली जनगणना मिळकत विचारतच नाही. मिळकत विचारतो तो रेशनचा किंवा दाखल्याचा अर्ज. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर राज्यात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे रेशनच्या स्वस्त धान्याला पात्र ठरणाऱ्या कुटुंबासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये ठरली. बाराने भागले तर महिन्याला पाच हजारांहून कमी, आणि पाच माणसांच्या घरात माणशी हजारही नाही. आता याच्या शेजारी केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीतला आकडा ठेवा: देशातल्या शहरी भागात माणशी सरासरी मासिक खर्च ६,४५९ रुपये. अर्जातल्या रकमेत शहरात कुटुंब चालत नाही हे लिहून देणारा जाणतो, घेणाराही जाणतो. धान्य हवे असेल तर तोच आकडा लिहावा लागतो, आणि पुढे कोणी त्याच कागदांवरून वस्तीचे उत्पन्न काढू लागला तर सगळी वस्ती एकाच मिळकतीची दिसते. मला याची खंत वाटते, कारण ज्या घरात खरोखर तेवढ्याच पैशात दिवस काढले जातात, ते घर या गर्दीत वेगळे दिसतच नाही.

म्हणून मी मिळकतीऐवजी काम पाहतो. फेब्रुवारी २०११ मध्ये मी स्वतः जनगणनेचा प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माहिती लिहून घेणारा, होतो आणि माझ्या वाट्याची घरे कोल्हापुरातल्या सुभाषनगरच्या बाजूला होती, जिथे चपलांचे काम घरोघर चालते. एका घरात कर्त्या पुरुषाने पत्नीबद्दल सांगितले, "ती काय, घरीच असते." मी तसे लिहायला पेन टेकवले, तेवढ्यात आत नजर गेली. ती बाई भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यात चामड्याच्या बारीक वाद्या अडकवून चपलेची वेणी घालत होती, शेजारी तयार वेण्यांचा ढीग होता, आणि थोरली मुलगी त्यातल्या मोजून जुड्या बांधत होती. मी विचारले, "हे वर्षभर असतं का?" ती म्हणाली, "पावसाळ्यात कमी. एरवी रोजच, सर." जनगणनेच्या नियमाप्रमाणे वर्षात सहा महिने किंवा त्याहून अधिक काम करणारी व्यक्ती मुख्य काम करणारी ठरते. त्या घरात दोन मिळवती माणसे होती, आणि मी एक लिहून उठणार होतो. त्याआधीच्या किती घरांत मी तसा उठलो असेन, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. या सभागृहात शिक्षक बरेच दिसतात, त्यांच्यापैकी अनेकांना ते काम येईल. त्यांना माझी विनंती आहे की "काम काय करता?" हा प्रश्न दारात कर्त्या पुरुषाला विचारून संपवू नका. घरातल्या प्रत्येक बाईला तो तिच्यासमोर बसून विचारा, मजुरी नगावर मिळते की रोजावर हे विचारा, आणि वर्षातले किती महिने काम असते ते तिलाच मोजू द्या.