अंत्ययात्रेत पहिल्यांदा दिसलेली माणसं

नमस्कार, श्रोतेहो. जुना कौटुंबिक सिनेमा पाहताना हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, यात सगळ्या समाजांना जागा दिली आहे का? मग आपण पडद्यावरचे चेहरे मोजायला बसतो. या मोजदादीतून फारसं काही हाती लागत नाही, असं माझं मत. का, ते सांगण्यासाठी १९५९ सालचा एक अमेरिकन चित्रपट घेऊ या. दिग्दर्शक डग्लस सर्क यांचा ‘इमिटेशन ऑफ लाइफ’.

लोरा ही गोरी विधवा, नटी होण्यासाठी धडपडणारी. ॲनी कृष्णवर्णीय. दोघींना एकेक मुलगी. ॲनी लोराकडे राहायला येते, घर सांभाळू लागते आणि जन्मभराची सोबतीण होते. तिची मुलगी सारा जेन इतकी उजळ, की गोरी म्हणून सहज खपून जावी. आणि पोरीला तेच हवंय. त्यासाठी आईचीही ओळख नको.

आता मोजा. मुख्य स्त्रिया चार, दोन गोऱ्या, दोन काळ्या. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये पैकीच्या पैकी गुण! पण तरुण सारा जेनचं काम केलं सुझन कोहनर यांनी. त्यांची आई मेक्सिकन, वडील बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले ज्यू; म्हणजे त्या कृष्णवर्णीय नव्हत्याच. याच कथेवर १९३४ मध्ये आधी एक चित्रपट निघाला होता. त्यात ही भूमिका फ्रेडी वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनेच केली होती. शिवाय त्या जुन्या चित्रपटात गोऱ्या नायिकेचा सगळा धंदा उभा राहतो तो कृष्णवर्णीय बाईच्या पॅनकेकच्या कृतीवर. तिच्या वाट्याला नफ्याचे २० टक्केच येतात, ती गोष्ट वेगळी. पण निदान हिशेबात तिचं नाव तरी आहे. १९५९ मध्ये लोरा स्वतःच्या अभिनयावर मोठी होते, आणि ॲनीकडे उरतं ते फक्त घरकाम. पंचवीस वर्षांत एवढी प्रगती!

तरीही हा चित्रपट मला निकालात काढावासा वाटत नाही. लोराकडे पाहुणे आलेत. सारा जेन डोक्यावर ट्रे घेऊन, गुलामगिरीच्या काळातल्या मोलकरणीचे हेल काढत दिवाणखान्यात येते. पाहुणे अवघडतात. लोरा संतापून विचारते, मी तुला कधी वेगळं वागवलं का? पोरगी नाही म्हणते. आणि ते खरंही आहे, लोरा वाईट बाई नाहीच. पण गप्पांच्या ओघात ॲनी आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांविषयी बोलते, तेव्हा हीच लोरा चकित होते. तुला इतके मित्र असतील हे माझ्या कधी मनातच आलं नाही, म्हणते. ॲनी शांतपणे सांगते, मी चर्चला जाते, मंडळांची सभासद आहे. मिस लोरा, तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

नेमकी इथे मोजदाद तोकडी पडते. ॲनी पडद्यावर भरपूर दिसते, पण बहुतेक वेळा लोराच्या घरात, लोराच्या कामात नाहीतर लेकीच्या काळजीत. लोराने विचारलं नाही, तसं कॅमेऱ्यानेही विचारलेलं नाही. तिचे मित्र, तिचं चर्च आपल्याला दिसतं ते थेट तिच्या अंत्ययात्रेत. चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या प्रसिद्ध गायिका महालिया जॅक्सन गातात, पांढरे घोडे जुंपलेली गाडी निघते, दुतर्फा गर्दी. एवढी माणसं होती कुठे इतका वेळ? सर्क यांनी हे मुद्दाम केलं, असं मला वाटतं. पण मुद्दाम केलं म्हणून ॲनीला मधल्या काळात स्वतःचं आयुष्य मिळत नाही.

ॲनी साकारणाऱ्या वॉनिटा मूर आणि सुझन कोहनर, दोघींनाही सहायक अभिनेत्रीसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार दोघींनाही मिळाला नाही. मूर पुढे दीर्घायुषी झाल्या, २०१४ मध्ये वारल्या. नामांकनाच्या आधीच मला जास्त काम मिळायचं, असं त्या सांगत.