मोठ्या दुकानातली पार्ट-टाइम नोकरी: पहिले पंधरा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा जवळ आला की मोठ्या किराणा दुकानांच्या, म्हणजे आपण ज्यांना सरसकट मॉल नाहीतर मार्ट म्हणतो त्यांच्या दारावर 'पार्ट-टाइम मुलं-मुली पाहिजेत' असा कागद लागतो. कॉलेजची मुलं, घरचं आवरून चार-पाच तास मोकळे असणाऱ्या गृहिणी, दुसरी नोकरी सांभाळून संध्याकाळी जोडकाम शोधणारे, सगळे तिथे विचारायला जातात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

आत जाण्याआधी एक प्रश्न विचारायचा: पगार देणार कोण? एकाच रंगाचा टी-शर्ट घातलेली तीन माणसं तीन वेगळ्या मालकांची असू शकतात. एक थेट दुकानाच्या पटावर, दुसरा ठेकेदाराचा, आणि तिसरा एखाद्या साबणाच्या किंवा चहाच्या कंपनीनं उभा केलेला प्रमोटर. रजा कोणाकडे मागायची, पगार अडला तर कोणाच्या दारात जायचं, हे सगळं त्यावर ठरतं. नेमणुकीचं पत्र मागून घ्या आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा. आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो एवढं साधारण लागतं. गणवेशाचं डिपॉझिट किंवा 'रजिस्ट्रेशन फी' म्हणून कोणी नोकरीआधी पैसे मागितले, तर सरळ उठून बाहेर या. सुटे खाद्यपदार्थ किंवा बेकरीच्या विभागात काम असेल तर वैद्यकीय तपासणी होते. अन्न हाताळणाऱ्यांसाठी ती वर्षातून एकदा करायची असते, आणि तिचा खर्च मालकाचा.

आता मुख्य मुद्दा. बाहेरून वाटतं की हे विक्रीचं काम आहे. प्रत्यक्षात अशा दुकानात गिऱ्हाईक माल स्वतःच उचलतं, त्याला पटवावं फार क्वचित लागतं. तुमचं काम वेगळं आहे. हातातला पुडा, रॅकवर त्याखाली लावलेलं दराचं लेबल आणि बिलिंगचा संगणक या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट सांगितलेली असली पाहिजे. पहिल्या पंधरवड्यात जी बोलणी खावी लागतात, त्यातली बहुतेक या तिघांत फरक पडल्यामुळे.

सुरुवात रॅकपासून करू, कारण नव्या माणसाला पहिल्यांदा रिफिलिंगलाच उभं करतात. मागच्या गोदामातून, म्हणजे बॅक स्टोअरमधून, खोकी ट्रॉलीवर आणायची, फोडायची आणि रॅक भरायचा. खोकं फोडताना कटरचं पातं जेमतेम अर्धा सेंटीमीटर बाहेर ठेवा आणि फक्त चिकटपट्टी कापा. पातं खोल गेलं की वरच्या थरातला तेलाचा पाऊच चिरला जातो. मग खाली सगळीकडे तेल, आणि त्यावरून कोणाचा तरी पाय घसरतो. तसं झालंच तर जागा सोडून फडकं आणायला धावू नका. तिथेच उभं राहून गिऱ्हाइकांना बाजूनं काढा आणि दुसऱ्याला हाक मारा. एक लिटरचे बारा तेलाचे पाऊच म्हणजे जवळपास अकरा किलो. असं खोकं कमरेत वाकून नाही, गुडघ्यात बसून, अंगाजवळ धरून उचलायचं. आणि कितीही घाई असली तरी खोक्यावर उभं राहून वरच्या फळीपर्यंत हात न्यायचा नाही, शिडी मागायची.

माल लावताना जुना पुढे, नवा मागे. 'जुना' कोणता हे माल गोदामात कधी आला यावर ठरवायचं नाही, मुदत आधी कुणाची संपते त्यावर ठरवायचं. उशिरा आलेल्या खोक्यातल्या मालाची तारीख आधीची असणं नेहमीचं आहे. पाकिटावर कधी शेवटची तारीख सरळ छापलेली असते, कधी नुसतं 'पॅकिंगपासून ४ महिने' एवढंच. १० जूनचं पॅकिंग असेल तर हिशेब १० ऑक्टोबरला संपतो. दुकानं त्याच्याही काही दिवस आधी माल काढून घेतात. किती दिवस आधी, हे प्रत्येक वस्तूसाठी ठरलेलं असतं, ते विचारून घ्या. नवीन मुलं थेट पुढच्या रिकाम्या जागेत नवा माल लोटतात, कारण ते पटकन होतं. महिन्याभरानं मागे दडलेली मुदतबाह्य पाकिटं कोणाच्या तरी हाती लागतात, आणि ते हात बहुधा गिऱ्हाइकाचेच असतात. जुना पुढे लावला तरी चाणाक्ष गिऱ्हाईक मागे हात घालून नवाच काढणार, विशेषतः दूध आणि ब्रेडमध्ये. रागवू नका, दिवसातून दोनदा फळी परत सारखी करा.

काय कुठे ठेवायचं, यालाही कारण असतं. चहा आणि तांदूळ वास पटकन धरतात. त्यांच्या शेजारी, एका ट्रॉलीतसुद्धा, अगरबत्ती, साबण किंवा फिनाईल नको. सुट्या धान्याच्या पेटीत नवा माल वरून ओतत राहिलं की तळाचं धान्य महिनोन् महिने तिथेच राहतं आणि पोरकिडे होतात. पेटी रिकामी करून, पुसून मग भरायची. पनीर, दही, दूध ५ अंशांच्या आत आणि गोठवलेला माल उणे १८ अंशांवर राहायला हवा. म्हणून थंड माल थोडा थोडा आणा. पूर्ण ट्रॉली बाहेर काढून निवांत लावत बसलात तर आइस्क्रीम वितळून पुन्हा गोठतं, आणि झाकण उघडल्यावर वर बर्फाचे खडे दिसतात. फ्रीझरच्या आत भरण्याची एक रेघ असते. तिच्यावर माल रचला तर थंड हवेचा झोत अडतो आणि वरचा थर गरमच राहतो.

लेबलं हे खरं दुखणं. रविवारी रात्री सवलतीची योजना संपते आणि सोमवारी सकाळी दार उघडण्याआधी जुनी लेबलं निघायला हवीत. एक जरी राहिलं तरी भांडण काउंटरवर होतं, तिथे बसलेल्याचा काही दोष नसताना. त्यात आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. एमआरपी बदलली तरी वस्तूचा बारकोड बहुधा तोच राहतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा एकाच फळीवर एकाच शॅम्पूच्या बाटल्या दोन किमतींना असणं सगळीकडे झालं. अशा वेळी स्कॅन केल्यावर पडद्यावर दोन किमती येतात आणि कोणती, असं संगणक विचारतो. न पाहता पहिली निवडायची सवय फार लवकर लागते. बाटली उलटी करून छापलेली किंमत वाचा, मग निवडा. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे, चूक कोणाचीही असो. आणि किंमत जुळत नसेल तर स्वतःच्या मनानं आकडा टाकायचा नाही, सुपरवायझरला बोलवायचं.

आता बिलिंग. इथे बसवण्याआधी दोन-चार दिवस कोणाच्या तरी शेजारी उभं करतात. ते दिवस पिशव्या भरण्यात वाया घालवू नका, हात कसे चालतात ते पाहा. बारकोड ८९० नं सुरू होत असेल तर तो भारतात नोंदवलेला. दुकानानंच वजन करून चिकटवलेलं लेबल बहुधा २ नं सुरू होतं आणि त्या आकड्यांतच किंमत किंवा वजन दडलेलं असतं. म्हणून अशा पिशवीत डोकावून बघायचं. लेबल शेंगदाण्याचं आणि आत काजू, हा प्रकार चांगल्या कपड्यांतली माणसंही करतात. आरोप करायचा नाही. 'काका, लेबल चुकलंय वाटतं, परत वजन करून आणते', एवढं पुरे.

एक चूक अशी आहे की ती चूक वाटतच नाही. गिऱ्हाइकानं दहा-दहा रुपयांची चार बिस्किटं आणली, चार वेगळ्या स्वादांची. तुम्ही एकच पुडा चारदा स्कॅन केला. बिल बरोबर, चाळीसच. पण संगणकात एका स्वादाचे चार पुडे कमी झाले आणि बाकीचे तीन स्वाद अजून फळीवर आहेत असं त्याला वाटतं. नवीन मालाची मागणी बऱ्याच ठिकाणी संगणकच पाठवतो. असं वारंवार झालं की ज्या स्वादाची फळी रिकामी पडली तो मागवला जात नाही आणि भलत्याचाच ढीग येतो. गिऱ्हाईक विचारतं, 'ते का नाही?' आणि कारण कोणालाच सापडत नाही. प्रत्येक पुडा वेगळा स्कॅन करा. चाळीस पुडे अगदी एकसारखे असतील तरच संख्या टाका.

रोख पैशांची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या. गल्ल्यात सुरुवातीला दिलेली सुटी रक्कम समोर मोजून सही करा, न मोजता सही नाही. स्वतःच्या लॉगिननंच काम करा आणि पाणी प्यायला उठलात तरी लॉगआउट करा. तुमच्या नावावर दुसऱ्यानं केलेला घोळ तुमचाच असतो. गिऱ्हाइकानं नोट दिली की मोठ्यानं म्हणा, 'पाचशे दिलेत'. ती नोट लगेच गल्ल्यात टाकू नका, उरलेले पैसे देईपर्यंत बाहेर समोर ठेवा. 'मी पाचशे दिले होते, दोनशे नाही' हा वाद तिथेच संपतो. पाचशेची नोट थोडी कलती केली की तिच्यातल्या धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो, उजेडात धरली की गांधीजींचा जलचिन्हातला चेहरा दिसतो. गर्दीतही दोन सेकंद लागतात. दहाचं नाणं चालतं, रिझर्व्ह बँकेनं ते अनेकदा सांगितलंय, त्यामुळे ते नाकारू नका. यूपीआयचे पैसे आले की नाही हे दुकानाच्या मशीनवर पाहायचं, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरच्या हिरव्या खुणेवर नाही. ती खूण दाखवणारी बनावट ॲप आहेत.

दिवसाअखेर गल्ला कमी भरला तर? आधी मोठ्या नोटांच्या गड्ड्या पुन्हा मोजा, मग रद्द झालेली बिलं आणि कार्डच्या पावत्या जुळवा. फरक बहुधा तिथेच निघतो. तरीही कमी राहिलेच, तर तुमची बाजू न ऐकता परस्पर पगारातून ते कापता येत नाहीत, कायदा तसं सांगतो. झालेली घट त्याच दिवशी लेखी कळवा.

दारावरच्या तपासणीचं वाईट वाटून घेऊ नका. मोबाइल लॉकरमध्ये, खिशातली स्वतःची रोकड वहीत लिहून आत जायचं, जाताना पिशवी दाखवायची. मॅनेजरलाही तेच नियम असतात. घरासाठी खरेदी करायची ती ड्यूटी संपल्यावर, बिल सोबत. फुटलेल्या पुड्यातलं बिस्किट तोंडात टाकणं हे बाहेर किरकोळ वाटेल, इथे तेवढ्यावर नोकरी जाते. फुटका माल 'डॅमेज'च्या पेटीत.

पायांसाठी बंद बूट, थोडे सैल, आणि सुती मोजे. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देण्याचा कायदा केला. आपल्याकडे अजून बहुतेक काउंटरवर उभंच राहावं लागतं. मधल्या सुट्टीत खरोखर बसा. आणि रात्रीचा प्रश्न बायकांनी आधीच काढावा: साडेनऊनंतर थांबवायचं तर तुमची संमती लागते, आणि घराच्या दारापर्यंत वाहन देणं मालकाचं काम आहे. दुकान दहाला बंद होतं म्हणजे तुम्ही दहाला सुटता असं नाही. गल्ला मोजण्याची पुढची अर्धी घटका पगारात धरतात का, तेही विचारा. ठरल्यापेक्षा जास्त तास म्हणून ओव्हरटाइम निघत असेल तर तो दुप्पट दरानं.

पगाराची चिठ्ठी मागून घ्या. समजा महिन्याचे ९,००० ठरले आणि सगळ्या रकमेवर पीएफ धरला. मग १२ टक्के म्हणजे १,०८० पीएफचे गेले, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का म्हणजे ६८, आणि पुरुष असाल तर व्यवसाय कराचे १७५. हातात ७,६७७. महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांच्या हाती ७,८५२ येतात. कापलेले पैसे भरले गेले का, हे पीएफच्या खात्यात स्वतः पाहा. आधी कुठे नोकरी केली असेल तर जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांकच द्या. नवा निघाला की पुढे दोन खाती जोडत बसावं लागतं.

दिवाळीनंतर बऱ्याच जणांचं काम थांबतं. शेवटच्या दिवशी ओळखपत्र, गणवेश आणि लॉकरची किल्ली परत केल्याची पोच घ्या, उरलेला पगार कोणत्या तारखेला येणार ते लिहून घ्या, आणि पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख मालकानं टाकली का, ते महिन्याभरानं एकदा तपासा. ती तारीख कोरी राहिली की पैसे काढायला गेल्यावर अर्ज तिथेच अडकतो.

नमस्कार.