न बोलावता आलेला सेंटर बॅक : युजी नाकाझावा

साल 1998, जपानमधलं कावासाकी शहर. व्हर्डी कावासाकी म्हणजे त्यावेळी तिकडचा एकदम स्टार फुटबॉल क्लब, जपानची प्रोफेशनल लीग म्हणजे ‘जे लीग’ 1993 ला सुरू झाली आणि पहिली दोन्ही वर्षं चॅम्पियन हेच. या क्लबच्या ग्राउंडवर एक 187 सेंटीमीटर उंचीचा वीस वर्षांचा पोरगा रोज सरावाला यायचा, किट घालायचा, मोठमोठ्या खेळाडूंना चिकटून अडवायचा आणि घरी जायचा. पगार नाही, करार नाही, मॅचमध्ये खेळायची परवानगी नाही, फक्त सरावात सोबत खेळायचं. या पोराचं नाव युजी नाकाझावा, जागा सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर डिफेन्सच्या मधोमध. पुढे हाच जपानसाठी 110 मॅच खेळला, दोन वर्ल्ड कप खेळला, पण ते सगळं नंतर, आधी हा इथे पोचला कसा ते बघू.

जन्म 25 फेब्रुवारी 1978, सायतामा प्रांतातलं योशिकावा. आता जपानमध्ये फुटबॉलर व्हायचे रस्ते तेव्हा बरेचसे ठरलेले होते, एकतर लहानपणीच एखाद्या क्लबच्या युथ टीममध्ये शिरायचं, नाहीतर मोठ्या फुटबॉलवाल्या हायस्कूलमध्ये अ‍ॅडमिशन घ्यायची आणि हिवाळ्यातली नॅशनल हायस्कूल टुर्नामेंट गाजवायची, जी अख्खा देश टीव्हीवर बघतो आणि स्काउट लोक वह्या घेऊन बसतात. नाकाझावा फुटबॉलकडे वळला तोच मुळात उशिरा, आणि शिकला मिसातोच्या टेक्निकल हायस्कूलमध्ये, जिथे कुठलाही स्काउट फिरकत नव्हता. शाळा संपली तेव्हा हातात एकही ऑफर नाही.

मग त्याने काय केलं, तर तो ब्राझीलला गेला. बेलो होरिझोंते शहरातला अमेरिका मिनेइरो क्लब, तिथल्या युथ टीममध्ये. अठरा वर्षांचा जपानी पोरगा, तोही डिफेन्डर, आणि समोर ब्राझीलची पोरं ज्यांच्यासाठी फुटबॉल म्हणजे घर चालवायचा प्रश्न. तिथेही प्रो करार काही मिळाला नाही, साधारण वर्षभराने परत आला आणि तिथून व्हर्डीचं दार गाठलं, ते बिनपगारी.

इथे नशिबाचा भाग आहे आणि तो सांगायलाच पाहिजे. 1998 संपताना व्हर्डीच्या मागे असलेली योमिउरी ही वर्तमानपत्राची बडी कंपनी बाहेर पडली. पैसा आटला. जास्त पगाराचे खेळाडू सोडावे लागले, मिउरा काझुयोशीसारखा स्टार स्ट्रायकर गेला, आणि टीमला अचानक स्वस्तातली तरुण पोरं हवी झाली. दारात उभा असलेला नाकाझावा आत आला. 1999 ला करार झाला आणि त्याच सीझनला तो लीगचा बेस्ट नवोदित खेळाडू ठरला, शिवाय बेस्ट इलेव्हनमध्ये, म्हणजे लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम अकरा जणांत, शिवाय सप्टेंबरमध्ये इराणविरुद्ध जपानच्या मेन टीममधून पदार्पण! म्हणजे वर्षापूर्वी ज्याला मॅच खेळायची परवानगी नव्हती तो देशाच्या जर्सीत. नशिबाने दार उघडलं हे खरं, पण उघडलं तेव्हा तिथे हजर असलेला माणूस हाच होता, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या करिअरची गोष्ट इथेच आहे.

2000 ला सिडनी ऑलिंपिक, त्याच वर्षी लेबनॉनमध्ये एशियन कप जिंकला. सगळं मस्त चाललेलं आणि मग 2002 चा वर्ल्ड कप आला, तोही घरी, जपान आणि कोरियात. कोच फिलिप ट्रुसिएने टीम जाहीर केली आणि त्यात नाकाझावा नाही, सेंटर बॅकच्या जागेसाठी अनुभवी अकिता युताकाला घेतलं. त्यात त्याच वर्षी हा योकोहामा एफ मारिनोसमध्ये आला होता, आणि वर्ल्ड कपची फायनल झाली ती योकोहामाच्याच स्टेडियमवर, म्हणजे याच्या नव्या क्लबच्या होम ग्राउंडवर. रोनाल्डोने जर्मनीला दोन गोल मारले ते तिथे.

मारिनोसमध्ये त्याची जोडी जमली मात्सुदा नाओकीशी. 2003 ला कोच म्हणून ओकादा ताकेशी आले आणि टीमने लीगचे दोन्ही टप्पे जिंकले (तेव्हा सीझन दोन टप्प्यांत व्हायचा), 2004 ला परत चॅम्पियन, ते टप्पे जिंकणाऱ्या दोन टीमच्या फायनलमध्ये उरावा रेड्सला त्यांच्या घरात, सायतामात, पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून. त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर नाकाझावा. जे लीगमध्ये हा मान मिळवणारा पहिला जपानी डिफेन्डर.

पण 2004 म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे लीग येत नाही, चीनमधला एशियन कप येतो. 31 जुलै, चोंगचिंग. क्वार्टर फायनल, समोर जॉर्डन, 1-1 आणि मग पेनल्टी. पहिल्या दोन्ही जपानी पेनल्टी वाया गेल्या, नाकामुरा आणि सांतोस दोघांचेही पाय चिखलात घसरले. कॅप्टन मियामोतो धावत रेफरीकडे गेला आणि म्हणाला की ही जागा खेळण्यासारखी नाही, दुसऱ्या गोलपोस्टकडे चला, आणि रेफरीने चक्क ऐकलं. तिकडे गेल्यावर जपान सावरलं, पण सहावी पेनल्टी घ्यायला नाकाझावा आला आणि त्याने ती घालवली. आता जॉर्डनने पुढची मारली असती तर खेळ खल्लास. जॉर्डनचीही हुकली, मियामोतोने सातवी मारली, जपान वाचलं.

तीन दिवसांनी जिनानला सेमीफायनल, बहारीन. हाफटाइमच्या आधीच एन्दोला रेड कार्ड, दहा जण उरले, स्टेडियममधले हजारो चिनी प्रेक्षक जपानविरुद्ध ओरडतायत, स्कोअर वरखाली होत 85 व्या मिनिटाला बहारीन 3-2 ने पुढे. मग काय करायचं? नाकाझावा आपली डिफेन्सची जागा सोडून सरळ पुढे जाऊन उभा राहिला, स्ट्रायकरसारखा. मागे कोण बघणार याचा हिशोबच संपला होता. 90 वं मिनिट, बाजूने क्रॉस आला आणि याने अंग झोकून हेडर मारला, 3-3. एक्स्ट्रा टाइममध्ये तामादाने चौथा मारला आणि जपान फायनलमध्ये, तिथे बीजिंगमध्ये यजमान चीनला 3-1 ने हरवून कप घेतला. तीन दिवसांपूर्वी पेनल्टी घालवलेला माणूस शेवटच्या मिनिटाला पुढे जाऊन उभा राहतो हे मला त्या गोलपेक्षाही भारी वाटतं.

2006 चा जर्मनीतला वर्ल्ड कप मात्र वाईट गेला. काइझर्सलाउटर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 83 व्या मिनिटापर्यंत 1-0 ने पुढे आणि मग शेवटच्या काही मिनिटांत धडाधड तीन गोल खाल्ले. क्रोएशियाशी 0-0, ब्राझीलकडून 4-1, घरी परत. त्यानंतर नाकाझावाने नॅशनल टीमला रामराम ठोकला. पण 2007 ला कोच ओसिमच्या टीममध्ये तो परत आला, आणि पुढे कॅप्टनही झाला.

2010 मध्ये वर्ल्ड कप दोन आठवड्यांवर आलेला आणि जपान मॅचमागून मॅच हरत होतं, पेपरवाले कोच ओकादांच्या मागे लागले होते. ओकादांनी कॅप्टनचा आर्मबँड नाकाझावाकडून काढून हासेबेला दिला. आणि 30 मे ला ऑस्ट्रियात ग्राझला इंग्लंडविरुद्ध मॅच झाली त्यात जपान 2-1 ने हरलं, इंग्लंडचे दोन्ही गोल जपाननेच मारलेले, एक तुलियोचा सेल्फ गोल आणि दुसरा नाकाझावाचा. दोन्ही सेंटर बॅक! कुठलाही खेळाडू अशा वेळी आतून तुटला असता.

आणि हेच दोघं दक्षिण आफ्रिकेत गेले आणि भिंत झाले. कॅमेरूनला 1-0, नेदरलँड्सकडून 0-1, डेन्मार्कला 3-1, मग प्रिटोरियात पराग्वेविरुद्ध 120 मिनिटं 0-0. चार मॅचमध्ये फक्त दोन गोल खाल्ले. पेनल्टीवर हरले, कोमानोचा शॉट बारला लागला, पण परदेशात झालेल्या वर्ल्ड कपमध्ये जपान पहिल्यांदाच ग्रुपच्या पुढे गेलं होतं. आर्मबँड नसलेल्या नाकाझावाने प्रत्येक मिनिट खेळलं.

2011 च्या ऑगस्टमध्ये मात्सुदा गेला. तो तोपर्यंत मात्सुमोतो यामागा या क्लबमध्ये गेलेला, सरावात कोसळला आणि दोन दिवसांनी वारला, वय फक्त 34. मारिनोसने त्याचा 3 नंबर कायमचा बंद केला. इतकी वर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून खेळला तो माणूस असा गेला, आणि 22 नंबरवाला नाकाझावा खेळत राहिला.

2013 ला नाकाझावा पस्तिशीत आणि मारिनोस लीग जिंकायच्या उंबरठ्यावर. शेवटच्या दोनपैकी एक मॅच जिंकली असती तरी काम झालं असतं. आधी घरच्या मैदानावर साठ हजारांवर लोकांसमोर निगाताकडून हरले, मग कावासाकी फ्रोन्तालेकडून, आणि एका पॉइंटने सानफ्रेचे हिरोशिमा चॅम्पियन. पण 1 जानेवारी 2014 ला एम्परर्स कप या जपानच्या नॉकआउट स्पर्धेची फायनल होती, समोर तेच हिरोशिमा. मारिनोस 2-0, दुसरा गोल नाकाझावाचा हेडर.

त्याच 2013 च्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट गुपचूप सुरू झाली होती. लीगमधली प्रत्येक मॅच, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. 2014, 2015, 2016, 2017, तेच. सलग 178 मॅच, म्हणजे सोळा हजारांवर मिनिटं, जे लीगच्या टॉप डिव्हिजनमध्ये गोलकीपर सोडून इतर खेळाडूंमधला विक्रम. इथे जरा थांबून विचार करा. सेंटर बॅकला स्ट्रायकर अडवायचे असतात, कधी ओढायचं, कधी पाडायचं, आणि यलो कार्डं साठली की एक मॅच बाहेर बसावं लागतं. पाच वर्षं त्याला एकाही सस्पेन्शनने बाहेर बसवलं नाही, स्नायू ताणला नाही, ताप आला तरी खेळला असणार. दारूला हात नाही, गोडधोड नाही, झोप वेळेवर, आणि सरावाला सगळ्यांच्या कितीतरी आधी हजर.

2018 ला कोच म्हणून अँजे पोस्टेकोग्लू आले आणि त्यांनी खेळच बदलला, डिफेन्स एकदम वर, मागे मोकळं रान, सेंटर बॅकने पळत राहायचं. नाकाझावा तेव्हा 40 वर्षांचा. तरी ऑगस्टपर्यंत तोच खेळत होता. त्या सीझनला टीमने 56 गोल मारले आणि 56 खाल्ले, यावरून मागे किती धावपळ होती ते कळेल. शेवटी गुडघा बोलला आणि ऑगस्टमध्ये ती साखळी तुटली.

जानेवारी 2019 मध्ये त्याने रिटायरमेंट जाहीर केली. टॉप लीगमध्ये 593 मॅच, जपानसाठी 17 गोल, सहा वेळा बेस्ट इलेव्हनमध्ये. त्याच वर्षी मारिनोसने लीग जिंकली, 2004 नंतर पहिल्यांदा, आणि त्या टीममध्ये तो नव्हता. तो तोवर टीव्हीवर मॅचचं विश्लेषण करायला लागला होता, आणि पुढे मुलींना लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीने खेळायचा बॉलचा खेळ, शिकवायला लागला.