आतून लागणारी कडी

(दृश्य: नदीचं वळण, सकाळचं धुकं, पार्किंगमध्ये शिरणाऱ्या गाड्या)

ही नॉर्थ अम्पक्वा नदी. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, लाकडाच्या धंद्यावर वाढलेल्या रोझबर्ग गावाच्या उत्तरेला, नदीकाठी अम्पक्वा कम्युनिटी कॉलेज आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आसपासच्या लोकांसाठीचं, मुख्यतः दोन वर्षांच्या शिक्षणाचं कॉलेज. इथे नुकतीच शाळा संपवलेली मुलं येतात, आणि काम सुटल्यावर नवं काही शिकायला निघालेली चाळिशी-पन्नाशीची माणसंही. तास करायचे आणि घरी किंवा कामावर जायचं. अशा कॉलेजांना सहसा तटबंदी नसते. दार सगळ्यांना उघडं, हाच तर त्यांचा धर्म.

१ ऑक्टोबर २०१५, गुरुवार. सत्र सुरू होऊन चौथाच दिवस होता. स्नायडर हॉलमध्ये लेखनाचा तास चालू असताना त्याच वर्गाचा एक विद्यार्थी बंदुका घेऊन आत शिरला. १०:३८ ला आणीबाणीच्या क्रमांकावर फोन गेला. १०:४४ ला पोलीस पोहोचले, आणि पुढच्या काही मिनिटांत सगळं थांबलं. तोवर शिक्षकासह नऊ जणांचा जीव गेला होता.

सहा मिनिटं. गावाबाहेरच्या कॉलेजात पोलीस याहून लवकर कसे पोहोचणार? त्यांनी शर्थच केली. पण त्या सहा मिनिटांत कॉलेजला दुसरं कोणी नव्हतं. कॅम्पसच्या सुरक्षाप्रमुखाचं खरं काम या सहा मिनिटांचं आहे, आणि ते करायचं असतं कितीतरी महिने आधी.

(दृश्य: रिकामा जिना, सूचनाफलक)

अमेरिकेत अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. पहिलं १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला सुरू झालं. बहुतेक ठिकाणी वसतिगृह नाही. संध्याकाळचे वर्ग मात्र भरलेले. तिकडच्या मराठी घरांनाही ही कॉलेजं परकी नाहीत. खर्च वाचवायला पहिली दोन वर्षं मुलं इथे काढतात, नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या बायका इथेच पुन्हा शिकायला लागतात. काही कॉलेजांचे स्वतःचे पोलीस आहेत, काहींची मदार काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, शेरीफवर, म्हणजे पोलीसप्रमुखावर, आणि काहींकडे नि:शस्त्र सुरक्षारक्षक तेवढे.

कायदा आहे. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा आला: कॅम्पसवर कोणते गुन्हे घडले ते दरवर्षी जाहीर करा. मग १६ एप्रिल २००७, व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. सगळ्यांना सावध करणारी पहिली ईमेल निघाली ९:२६ ला. त्यानंतर थोड्याच वेळात तिथल्याच नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत तीस जण मारले गेले. मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक मुलगीही त्या दिवशी गेली. त्या दोन तासांच्या उशिरामुळे २००८ मध्ये कायदा बदलला: धोका खरा आहे असं दिसताच विनाविलंब सर्वांना कळवा, आणि ही यंत्रणा वर्षातून एकदा तरी चालवून बघा.

वार्षिक सुरक्षा अहवाल जाहीर करायची शेवटची तारीख असते १ ऑक्टोबर. अम्पक्वाचा तो गुरुवारही १ ऑक्टोबरचाच. हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही. अहवाल वेळेवर निघतो. दाराचं काय?

(दृश्य: वर्गाचं दार, अगदी जवळून, मूठ, किल्लीचं भोक)

हे दार नीट बघा. जुन्या इमारतींमध्ये वर्गाचं कुलूप बऱ्याचदा बाहेरून, किल्लीनेच लागतं. म्हणजे धोका बाहेरच्या बोळात असताना शिक्षकाने दार उघडायचं, बोळात हात काढायचा, किल्ली फिरवायची आणि मग आत यायचं. तीही किल्ली जवळ असली तर. कम्युनिटी कॉलेजातले तीनपैकी जवळपास दोन शिक्षक अर्धवेळ असतात. आज या कॉलेजात, उद्या दुसऱ्या. संध्याकाळी सहाला येतात, नऊला जातात. ड्रिल, म्हणजे असं संकट आलं तर काय करायचं याचा सराव, होतं सकाळी अकराला. किल्ली कुणाकडे मागायची, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून चांगला सुरक्षाप्रमुख कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर फारसा सापडत नाही. तो दारं तपासत फिरतो. आतून लागणाऱ्या कड्यांसाठी पैसे मिळेपर्यंत बैठकीमागून बैठकीत तोच विषय काढतो. रात्रीच्या वर्गांचं ड्रिल रात्रीच घेतो. शेरीफच्या माणसांना इमारतींचे नकाशे देतो, कुठल्या इमारतीला किती दारं ते त्यांना चालवून दाखवतो. ओळख आधीची हवी. ऐन वेळी हुकूम कोणाचा चालणार, हे तिथे उभं राहून ठरवता येत नाही. अमेरिकेने हे वणव्यांतून शिकून घेतलं. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वेगवेगळी दलं एकमेकांना विचारल्याशिवाय धावत सुटली, आणि त्यातूनच एका प्रमुखाखाली काम करायची पद्धत बसवली गेली.

आणि एक काम दाराच्याही आधीचं. २०१० मध्ये अॅरिझोनातल्या पिमा कम्युनिटी कॉलेजात एका विद्यार्थ्याच्या वागण्यामुळे कॅम्पस पोलिसांना पाच वेळा यावं लागलं. सप्टेंबरमध्ये कॉलेजने त्याला निलंबित केलं. परत यायचं तर त्याच्यापासून धोका नाही असं मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आण, म्हणून सांगितलं. तो परतला नाही. ८ जानेवारी २०११ ला टूसॉनमधल्या एका दुकानाबाहेर त्याने सहा जणांना मारलं. खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स डोक्यात गोळी लागून गंभीर जखमी झाल्या. कॉलेजने नियमाप्रमाणे आपलं आवार सांभाळलं होतं. पण बाहेर काढलेला मुलगा कुठे जातो, घरी कोणाशी बोलतो, त्याला डॉक्टरपर्यंत कोण नेतं? माझ्या मते सुरक्षाप्रमुखाच्या टेबलाशी समुपदेशक बसलेला हवा, प्राध्यापक हवा, आणि काउंटीच्या मानसिक आरोग्य विभागाचा माणूस त्याच्या ओळखीचा हवा.

(दृश्य: बसच्या खिडक्या, मोकळं मैदान)

रोझबर्गमध्ये त्या दुपारी विद्यार्थ्यांना बसमध्ये बसवून काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर नेलं. तिथे घरची माणसं उभी होती. बसचं दार उघडलं की आधी चेहरे शोधले जात, मग मिठ्या. एकेक बस रिकामी होत गेली. ज्यांचं माणूस कुठल्याच बसमधून उतरलं नाही, ते तिथेच थांबले. त्यांच्याजवळ कोण बसणार, त्यांना कोण सांगणार आणि कोणत्या खोलीत, हेही आराखड्यात लिहून ठेवावं लागतं. लिहिताना हात थांबतो, तरी लिहावं लागतं.

शेरीफ जॉन हॅनलिन यांनी मारेकऱ्याचं नाव तोंडातून काढायला नकार दिला. पुढे स्नायडर हॉल पाडला गेला. त्याच्या जागी नवी इमारत उभी राहिली, आणि तिचं नाव टाकेल्मा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून घेतलं आहे.

(दृश्य: संध्याकाळ, दिवे लागलेला वर्ग, शेवटी पडदा काळा, दाराची कडी लागल्याचा आवाज)