अकरा नंबरचा जोनाह

मंडळी, फोंड्यात रग्बीवर व्याख्यान म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे फुटबॉलचं समजून आले असणार. असू द्या. भात कापून झालं की शेतात गोल लावणारी आपली पोरं. रग्बीचा लांबट चेंडू कोणी पाहिलाय?

खेळ असा: चेंडू हातात घेऊन पळायचं, हाताने पुढे फेकायचा नाही, साथीदाराला मागेच द्यायचा, आणि शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. त्याला 'ट्राय' म्हणतात. पूर्वी नुसतं टेकवल्याने गुण मिळत नसे, गोलावर किक मारायचा एक प्रयत्न तेवढा मिळे, म्हणून ते नाव. कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच उमगेल. फक्त इथे चढाई करणाऱ्याला परत यायचं नसतं.

आज ज्याची गोष्ट सांगतोय तो रग्बीपटू जोनाह लोमू न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, आईवडील टोंगा बेटांवरचे. १९९४ साली एकोणिसाव्या वर्षी तो न्यूझीलंडकडून फ्रान्सविरुद्ध उतरला. दोन्ही कसोट्या, म्हणजे देशादेशांतले सामने, संघ हरला आणि विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या अकरा नंबरच्या जागेवर, नवखा असलेला हा पोरगा संघाबाहेर गेला.

मग १९९५चा विश्वचषक. केपटाउन, उपांत्य सामना, समोर इंग्लंड. पहिल्या काही मिनिटांतच चेंडू लोमूच्या मागे पडला. त्याने तो वळून उचलला, टोनी अंडरवूडला बाहेरच्या बाजूने मागे टाकलं. कर्णधार कार्लिंगने मागून पायाला हात लावला, तोल गेला. आणि त्याच धडपडीत तो शेवटच्या माइक कॅटच्या अंगावरून सरळ पलीकडे गेला. हुलकावणी वगैरे काही नाही. उंची १.९६ मीटर, वजन सव्वाशे किलोच्या आसपास, आणि वेग मात्र धावपटूचा. त्या दिवशी त्याने चार ट्राय केले. ४५-२९. अंतिम सामन्यात मात्र दक्षिण आफ्रिकेने त्याला एकही करू दिला नाही. त्यांच्याविरुद्ध कसोटीत त्याला तो कधीच जमला नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस निदान झालं: नेफ्रोटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाची गाळणी बिघडते, लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज चढते. म्हणजे १९९९च्या विश्वचषकातले आठ ट्राय या आजाराच्या सोबतीने केलेले. एकूण ६३ कसोट्या, ३७ ट्राय.

२००३ला डायलिसिस, २००४ला एका रेडिओ निवेदक मित्राने दिलेलं मूत्रपिंड, आणि पुढच्याच वर्षी हा गृहस्थ कार्डिफच्या क्लबकडून पुन्हा मैदानात! पुढे तेही मूत्रपिंड थकलं. नोव्हेंबर २०१५मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो गेला.

मला हा माणूस जवळचा का, तेही सांगतो. माझ्या थोरल्या भावाला मी आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी बांबोळीला न्यायचो. चार-चार तास, एक हात मशीनला जखडलेला. एकदा मोबाइलवर त्याला तो केपटाउनचा ट्राय दाखवला. कॅट आडवा झालेला बघून दादा इतका हसला, की हात हलवू नका म्हणून नर्सने आम्हा दोघांनाही दटावलं. दादा म्हणाला, "परत लाव."