मंगोलियातला धक्का, नाशिकची ठेव

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकला गेलात की पांडवलेणी बघायला वर चढताच. नाव पांडवांचं, पण लेणी बौद्ध भिक्षूंची. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेले काही लेख आहेत. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत त्यांच्याकडे सहसा कोणी वळत नाही, आणि खरं सांगायचं तर तिथली खरी गंमत त्या लेखांतच आहे.

एक लेख उषवदाताचा. हा क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतातला शक राज्यकर्ता, नहपानाचा जावई. त्याने जवळच्या गोवर्धन गावातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, तीन हजार कार्षापणं (त्या काळची नाणी) ठेव ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, हजारावर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंचा खर्च भागवायचा. दराचा तपशील दगडावर कोरून ठेवला, म्हणजे उद्या कोणी कानांवर हात ठेवायला नको!

हा उषवदात स्वतःला शक म्हणवतो. शक म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ मुलखातले घोडेस्वार. ते गोदावरीच्या काठी व्याजाचे दर ठरवायला कसे आले?

त्यासाठी चीनच्या सीमेवर जावं लागतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मंगोलियाच्या कुरणांवर शिओंग्नू टोळ्यांचं राज्य होतं. त्यांनी वायव्य चीनमधल्या आजच्या गान्सूकडच्या युएची लोकांना हाकललं. युएचींच्या राजाच्या कवटीचा त्यांनी प्याला केला, असं चिनी बखरकार लिहितात. युएची पश्चिमेला सरकले, तिथे शक होते, ते हलले. भरलेल्या एस्टीत मागून रेटा आला की पुढचा माणूस ड्रायव्हरच्या अंगावर जातो, तसं झालं. शक इराणच्या पूर्वेला आले, सिंधमध्ये उतरले, मग गुजरात, आणि शेवटी नाशिक. हे चार दिवसांत झालं नाही, दोन-अडीचशे वर्षं लागली. मागून आलेल्या युएचींमधूनच पुढे कुषाण उभे राहिले, कनिष्क त्यांचाच.

मधे एक सुरस प्रकरण आहे. इ.स.पू. 138 मध्ये चीनच्या हान सम्राटाने झांग चिएन नावाच्या माणसाला युएचींकडे धाडलं. शिओंग्नू आपले शत्रू, युएचींचेही शत्रू, तर मिळून लढू, हा विचार. झांग चिएनला वाटेत शिओंग्नूंनीच पकडलं आणि दहा वर्षं अडकवून ठेवलं. तो निसटून युएचींपर्यंत पोहोचला, तर ते मध्य आशियातल्या अमूदर्या नदीच्या सुपीक काठावर सुखाने नांदत होते. सूडाची हौस कोणालाच उरली नव्हती. बिचारा रिकाम्या हाताने परतला, पण पश्चिमेकडच्या देशांची बातमी घेऊन परतला. रेशमाचा व्यापार पुढे ज्या वाटांनी फोफावला, त्यांची चिनी दरबाराला ओळख झाली ती या फसलेल्या वकिलातीमुळे.

पुढची दोन शतकं सगळ्यांनाच भरभराटीची गेली. चीनमध्ये हान, काबूलपासून मथुरेपर्यंत कुषाण, इराणात पार्थियन, भूमध्य समुद्राभोवती रोम, आणि आपल्याकडे सातवाहन. भारताकडे वर्षाला पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात, अशी तक्रार रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक करत होता. इकडे कल्याण, चौल, पैठण, तेर ही नावं ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तकात लिहिली जात होती. सातवाहन गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारला. सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांपैकी नऊ हजारांवर हे दोन्ही छाप एकावर एक दिसतात. नाणी वितळवून नवी पाडण्याचा खर्च वाचला. राजा व्यवहारी होता.

आणि मग या तारखा बघा. हान घराण्याचा शेवटचा सम्राट पायउतार झाला, इ.स. 220. पार्थियन राजा रणांगणात मारला गेला, 224. सातवाहनांचा शेवट, 225 च्या सुमारास. रोमन सम्राटाला त्याच्याच सैनिकांनी मारलं, 235, आणि पुढची पन्नास वर्षं तिथे सम्राट येत होते नि मारले जात होते. कुषाणांचा पश्चिमेकडचा मुलूखही याच सुमारास गेला. शाळेत हे आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकलो, म्हणून तारखा शेजारी ठेवून बघायची वेळच आली नाही.

सगळे एकाच कारणाने कोसळले, असं मी म्हणणार नाही. चीनमध्ये 184 साली पिवळी फडकी बांधलेल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. ते मोडायला ज्या सेनापतींना सैन्य दिलं, त्यांनीच साम्राज्य वाटून घेतलं. त्यात रोमचा काही हात नाही. पण रोम आणि पार्थियाचं प्रकरण मात्र एकमेकांत पुरतं गुंतलेलं आहे.

रोमन फौजांनी टायग्रिसकाठची पार्थियन राजधानी तेसिफोन तीनदा जिंकली: 116, 165 आणि 198 साली. प्रत्येक वेळी जल्लोष झाला. त्यातल्या 165 च्या मोहिमेतून सैनिक परतले ते रोगाची साथ घेऊन, आणि ती पंधरा वर्षं रोमन मुलखात हिंडत राहिली. पण त्याहून महाग पडली ती जिंकण्याचीच सवय. पार्थियन राजे अगदी खिळखिळे झाले, तेव्हा त्यांच्याच एका मांडलिकाने, अर्दशीरने, त्यांना उलथलं. हे नवं ससानी घराणं पार्थियनांसारखं सैलसर नव्हतं. त्याने पूर्वेला कुषाणांचा मुलूख गिळला आणि पश्चिमेला 260 मध्ये अर्दशीरच्या मुलाने, शापूरने, रोमन सम्राट व्हॅलेरियनला जिवंत पकडलं. इराणात नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर घोड्यावरचा शापूर आणि त्याच्यासमोर रोमन सम्राट, हे शिल्प आजही आहे. रोमने शेजाऱ्याचं दुबळं घर पाडलं आणि जागा मोकळी करून दिली ती पैलवानाला. तेवढ्यात रोमच्या चांदीच्या नाण्यात चांदी नावालाच उरली होती, कारण सैनिकांचे पगार द्यायचे होते.

आपल्याकडे सातवाहनांचं राज्य फुटलं. आंध्रात इक्ष्वाकू, बनवासीकडे चुटू, नाशिकला आभीर.

चला, परत त्रिरश्मीवर जाऊ. त्याच दहा नंबरच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. सातवाहन गेले, क्षत्रप तर त्याआधीच नाशिकहून गेले. लेख एका बाईचा आहे, नाव विष्णुदत्ता. ती स्वतःची ओळख शकाणी अशी देते, शक अग्निवर्म्याची लेक म्हणून. लेण्यात राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिने गोवर्धनच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. त्या श्रेणींत पाण्याची यंत्रं करणारे होते, तेली होते. पैसे राजाच्या खजिन्यात नाहीत, तेल्यांकडे.